एक मिळव, पुढच्याला दे

सुखदेवा, तू गेल्यावरही तुझा वर्ग चालूच राहिला. हे तुला कोणी सांगितलं नसेल, आणि सांगायला तिकडे जाणार तरी कोण, म्हणून मीच सांगतो. तू कसा गेलास, किती वाजता गेलास, खांद्याला कोणकोण होतं, ते सगळं गावाला तोंडपाठ आहे. ते मी लिहीत नाही. उद्या तुझी तेरवी. पंगतीत चार लोक तुझ्याविषयी चांगलं बोलतील आणि माझ्या घशाखाली घास उतरणार नाही, कारण तुझ्याशी मी शेवटचं जे बोललो ते चांगलं नव्हतं. ते आधी तुझ्यापाशी निस्तरावं म्हणून आज कागद घेऊन बसलो आहे.

ते परिपत्रक आलं नसतं तर हे काहीच झालं नसतं. जिल्ह्यातल्या थोड्या माध्यमिक शाळांना कॉम्प्युटर मिळणार होता. ज्या शाळेला हवा असेल तिनं नववीला तो विषय कसा शिकवणार, याचा पहिल्या धड्यापासून शेवटच्या धड्यापर्यंतचा आराखडा भंडाऱ्याच्या कचेरीत द्यायचा होता. मुख्याध्यापकांनी ते वाचून दाखवलं तेव्हा आपण सगळे मास्तर खाली पाहत होतो. शहापूरच्या फाट्यापासून चार मैल आत आपली शाळा, पावसाळ्यात एस.टी.सुद्धा तोंड दाखवत नाही, वर्गातला दिवा लागला तर लागला. कॉम्प्युटर आपण दोघांनी मिळून जन्मात एकदाच पाहिलेला, नागपूरला, तोही काचेच्या पलीकडून आणि चपला बाहेर काढून. आणि तू उभा राहून म्हणालास, आपण आराखडा देऊ.

बाहेर आल्यावर मी तुला धरलं. "कायच्या भरवशावर गा? यंत्र नाही, पुस्तक नाही, शिकवशील काय?"

"पोट्टे आहेत ना," तू म्हणालास. "यंत्र येईपर्यंत पोट्टेच यंत्र."

मी हसलो. तू हसला नाहीस. तुझं नेहमीचंच होतं ते. बहात्तरच्या दुष्काळाच्या पुढच्या साली आपण दोघं एकाच आठवड्यात या शाळेत रुजू झालो, तू विज्ञानाला, मी गणिताला, आणि तेव्हापासून तू डोक्यात काही घेतलंस की ते काढायची कोणाची बिशाद नव्हती. दोन महिने आपण त्या आराखड्यावर घालवले. मसुदा तुझा, अक्षर माझं, कारण तुझं अक्षर म्हणजे कोंबडीनं अंगण उकरल्यासारखं. तू येरझारा घालत बोलायचास, मी लिहायचो, आणि प्रत्येक ओळीला आडवा यायचो. आडवा येणं हे माझं कामच होतं, असं मी समजायचो.

सगळा अभ्यासक्रम तू तुझ्या बाबांवरून काढलास. ते बपेऱ्याकडच्या एका तलावाचं पाणी सोडायचे. तलावाखाली धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, एकीला लागून एक. वरची बांधी भरली की तिचा धुरा, म्हणजे कडेचा बांध, फोडायचा, पाणी खालच्या बांधीत. ती भरली की तिच्या खालची. शंभर लोकांची शेतं, पण कोणाची कोणाशी मारामारी नाही, कारण सगळ्यांना एकच नियम. तू तो फळ्यावर लिहायचास. पाणी घे. बांधी भर. धुरा फोड. पुढच्याला दे. आणि पोरांना सांगायचास, "कॉम्प्युटर म्हंजे याच्याहून वेगळं काही नाई. त्याले फक्त पाण्याच्या जागी आकडा द्याचा." शेतकऱ्यांची लेकरं ती. त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

मग तू त्यांना खरोखरच यंत्र केलंस. एकतीस पोरंपोरी, प्रत्येक जण म्हणजे एक बांधी. नियम चारच. चिठ्ठी घे, आकडा वाच, एक मिळव, पुढच्याला दे. पहिल्या बाकावरच्या सुलोचनापासून चिठ्ठी निघायची, शेवटच्या बाकापर्यंत जायची, तिथून तुझ्या टेबलावर. तू पाहायचास, बरोबर असलं की तांबड्या पेननं खूण करायचास आणि चिठ्ठी पुन्हा सुलोचनाकडे. हा एक फेरा. पहिल्या दिवशी चार जागी चुकले. आठ दिवसांत चुकणं बंद झालं. त्यानंतर बोलणंही बंद झालं. मी एकदा दारातून पाहिलं तर एकतीस जण समोर पाहत बसलेले, चिठ्ठी आली की फक्त तेवढा हात हलायचा. मला ते बरं वाटलं नाही. तुला म्हणालो तर तू म्हणालास, यंत्र बोलते का.

आता आपल्या भांडणाकडे येतो. फेऱ्याचा धडा उतरवून घेताना मी पेन खाली ठेवला होता.

"याचा शेवट कुठे आहे?"

"कायचा शेवट?"

"अरे, चिठ्ठी पहिल्यापासून शेवटच्याकडे गेली, मंग टेबलावर, मंग पुन्हा पहिल्याकडे. थांबते कुठे? थांब म्हणून कुठेच लिहिलं नाही. असं यंत्राले दिलं तर ते मरेपर्यंत फिरत राहील."

"तलाव सरला का आपोआप थांबते. बाबानं कधी थांब लिवलं नाई."

"तलाव सरते गा. आकडे सरत नाहीत."

तुला पटलं होतं, मला माहीत आहे, पण तुझ्या बाबांच्या नियमात कमी आहे हे तुला तोंडानं म्हणवेना. आणि मलाही तेव्हा कळलं नाही की ते बाबांविषयी आहे. मला वाटलं तू हट्ट करतोस. म्हणून आराखड्यातली ती एक ओळ कोरी राहिली. रोज मी विचारायचो, लिहू का. रोज तू म्हणायचास, थांब थोडा.

भंडाऱ्याच्या कचेरीतले साहेब पाहायला येणार म्हणून तू पोरांना सांगून ठेवलंस की आता मी थांबा म्हणेपर्यंत थांबायचं नाही. शाळा सुटली तर चिठ्ठी ज्याच्या हातात असेल त्यानं ती घरी न्यायची, दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे. तुझ्या तासाला, मधल्या सुटीत, शाळा सुटल्यावर अर्धा तास, चिठ्ठी फिरतच होती. शनिवारी मी माझ्या तासाला वर्गात गेलो, प्रमेय लिहायला फळ्याकडे वळलो आणि पाठीमागे कागद सरकल्याचा आवाज आला. माझ्या तासात, सुखदेवा. माझं डोकं सटकलं. तुला व्हरांड्यात बोलावून मी सगळ्यांच्या देखत म्हणालो, "हा पोरखेळ आहे तुझा. तू उभा आहे तोवर चालते. तू नसला का एक दिवस चालणार नाई."

तू माझ्याकडे पाहिलंस आणि शांतपणे म्हणालास, "मंग पाहू."

हे आपलं शेवटचं बोलणं. रविवारी तुला ताप भरला. मी आलो नाही. आता येईन, मग जाईन, त्यानं आधी निरोप पाठवावा, असं करत राहिलो. मंगळवारी तू अंथरुणावरून वहिनींना विचारलंस म्हणे, कुठवर आलं. शेजारच्या नववीतल्या पोरीनं आकडा सांगितला, दोन हजार चारशे आणि वर काहीतरी, आणि तू मान हलवलीस. बुधवारी सकाळी तू गेलास.

माझी बायको सुशीला भंडाऱ्याला दवाखान्यात होती तेव्हा महिनाभर माझे सगळे तास तू घेतलेस. दिवसभर शाळा करून संध्याकाळच्या एस.टी.नं भाताचा डबा घेऊन यायचास, आणि गाडी चुकली तर सायकल हाणत यायचास. मी परत कामावर आलो त्या दिवशी तुला काय म्हणालो? भूमिती कुठवर नेली. तू सांगितलंस, मी म्हणालो फार मागे राहिली. माणसानं इतकं कोरडं असू नये. तू मात्र कधी त्याचा उच्चार केला नाहीस, आणि मीही मग ते विसरल्यासारखंच केलं.

गुरुवारी शोकसभा झाली. सगळी शाळा मैदानात उभी. आठवीच्या आणि दहावीच्या पोरी हुंदके देत होत्या. दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं होतं. मी डोळे मिटले आणि मला तो आवाज आला. कागदाचा. डोळे उघडून पाहिलं तर नववीची रांग मान खाली घालून, डोळे मिटून उभी होती आणि रांगेतून चिठ्ठी पुढे पुढे जात होती. चिठ्ठी हाताला लागली की तेवढीच दोन पापण्यांची उघडझाप, तळहातावर कागद धरून पेन्सिलीनं आकडा, की पुढे. शेवटच्या मुलीनं ती घेतली, एक मिळवला आणि समोरच्या मोकळ्या जागेत हात लांब करून धरली. तू तपासायला जेवढा वेळ घ्यायचास तेवढा वेळ धरली. मग हात वळवून सुलोचनाला दिली. नववीतलं एकही पोट्टं रडलं नव्हतं.

मी स्वतःला समजावलं की चार दिवसांत विसरतील. सोमवारी सुलोचनाचा बाप तुळशीराम खळ्यावरून थेट माझ्याकडे आला. डोक्यावर धानाचं कुसळ तसंच होतं. हात जोडून म्हणाला, "सर, पोरगी बोलत नाई. हाक मारली का पाहते आपली. जेवताना बी बोटं हालवून राहते. तिच्या मायनं इचारलं, काय करून राहिली बाई, तर म्हणते माझी पाळी येऊन राहिली. माझी एकटीची नाई सर, बाकीच्यायच्या घरी बी हेच. काहीतरी करा."

"शाळेचं काम आहे ते," मी म्हणालो. "संपेल."

"कवा संपन?"

याचं उत्तर द्यायला आराखड्यात ती ओळ असायला हवी होती.

मंगळवारी मी वर्गात गेलो आणि म्हणालो, थांबा. कोणी मान वर केली नाही. मोठ्यानं म्हणालो. टेबलावर छडी आपटली. तेव्हा सुलोचना उभी राहिली आणि अदबीनं म्हणाली, "सर, सुखदेव सरांनी सांगितलं, मी थांबा म्हणेपर्यंत थांबायचं नाई."

"सुखदेव सर गेले बाई."

"हो सर," ती म्हणाली आणि खाली बसली, कारण चिठ्ठी तिच्याकडे येत होती.

मग मी ते केलं जे करायला नको होतं. कागदाला कागद चिकटवून वाढत गेलेली ती चिठ्ठी हिसकावून घेतली आणि फाडून तिचे तुकडे खिशात घातले. सगळे हात बाकावर जिथल्या तिथे थांबले. मला वाटलं, झालं. घरी जाऊन तुकडे जुळवून पाहिले. प्रत्येक एकतीस आकड्यांनंतर तांबडी खूण होती. तू वर्गात होतास तेव्हाही होती आणि तू गेल्यानंतरही होती, तीच, डाव्या बाजूला थोडी वाकडी. तुझा तांबडा पेन वहिनींनी तुझ्या सदऱ्याच्या खिशातून काढून ठेवलेला मी स्वतः पाहिला आहे. पोरांपैकीच कोणी मारत असेल, दुसरं कोण मारणार. पण कोण मारतं हे विचारायची माझी हिंमत झाली नाही, आणि अजूनही नाही.

बुधवारी वर्गात पाऊल टाकलं तर नवी चिठ्ठी फिरत होती. मी आकडे पाहिले. फाटलेल्या चिठ्ठीवरच्या शेवटच्या आकड्याच्या पुढचे होते, मधला एकही सुटला नव्हता. एकतीसच्या एकतीस जणांना आकडा पाठ होता. सुखदेवा, त्या दिवशी मी तुला पहिल्यांदा भ्यालो. तू नसलास की एक दिवस चालणार नाही असं मी म्हणालो होतो, आणि तू गेल्याला आठ दिवस झाले होते. मी शिक्षकांच्या खोलीत तुझ्या रिकाम्या खुर्चीला हात जोडले. म्हणालो, बस झालं गा, मी हरलो, आता सोड त्यांना. खुर्चीला हात जोडणारा गणिताचा मास्तर शिपायानं पाहिला आणि तो दारातूनच मागे फिरला.

गुरुवारी दिवसभर मी तुझा मसुदा पहिल्या पानापासून वाचला. अक्षर माझंच, पण लिहिताना मी तो कधी वाचलाच नव्हता, फक्त चुका शोधल्या होत्या. फार चांगला होता रे तो. यंत्र न पाहिलेल्या पोरांना यंत्राच्या पोटात काय चालतं ते कळावं, असा रस्ता तू बांध्यांमधून काढला होतास, आणि त्याबद्दल दोन महिन्यांत मी तुला एक शब्द बोललो नाही. वाचता वाचता चौथ्या धड्यात तूच सांगितलेलं सापडलं. यंत्राला बाहेरून ओरडून काही कळत नाही. त्याला जे सांगायचं ते चिठ्ठीवर लिहून, त्याच्या पाळीनं, त्याच्या हातात द्यावं लागतं. मी वर्गात उभा राहून छडी आपटत होतो.

काल आराखडा भंडाऱ्याच्या कचेरीत दिला. बाबूनं शिक्का मारला. यंत्र मिळेल की नाही, देव जाणे. पण त्यात आता कोरी ओळ नाही. ती ओळ परवा शुक्रवारी लिहिली गेली, तुझ्या वर्गात, शेवटच्या तासाला, आणि ते मी तुला सांगितल्याशिवाय उद्या तुझ्या पंगतीला बसू शकत नाही.

मी आत गेलो, काही बोललो नाही. टेबलाच्या मागे तुझ्या खुर्चीवर बसलो. बाहेर कुठेतरी मळणीचे बैल फिरत होते आणि आत पेन्सिली चालत होत्या. चिठ्ठी चौथ्या रांगेत होती. ती येईपर्यंत मी एकेकाचा चेहरा पाहिला. डोळे कोरडे, ओठ घट्ट मिटलेले. मला तेव्हा कळलं की ही पोरं तुझा हुकूम पाळत नव्हती. फेरा चालू आहे तोवर टेबलाशी तू आहेस, एवढंच त्यांना ठाऊक होतं. मी त्यांना काय करायला सांगणार होतो ते मला कळलं, आणि तरी मी पेनाचं टोपण काढलं.

शेवटच्या मुलीनं चिठ्ठी माझ्यापुढे ठेवली. मी आकडा वाचला, बरोबर होता. त्याखाली मी 'थांब' लिहिलं. मग सवयीनं तपासलं. नुसतं थांब लिहिलं तर सुलोचना एकटी थांबेल, बाकीचे तीस जण चिठ्ठीची वाट पाहत बसतील. म्हणून पुढे लिहिलं, 'पुढच्याला दे'. तुझ्या बाबांचेच शब्द ते, मी फक्त त्यांच्या आधी एक लावला. चिठ्ठी सुलोचनाला दिली.

तिनं वाचली. माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिनं चिठ्ठी शेजारणीला दिली, पेन्सिल खाली ठेवली, कपाळ बाकावर टेकवलं आणि रडायला लागली. शेजारणीनं वाचलं, पुढे दिलं, पेन्सिल ठेवली. तिच्या मागचं पोट्टं. त्याच्या शेजारचं. चिठ्ठी जिथे पोचायची तिथलंच लेकरू रडायचं, आणि ज्याच्यापर्यंत ती अजून आली नव्हती ते ताठ बसून समोर पाहत राहायचं. पाळी चुकवून कोणी आधी रडलं नाही. एक रांग झाली, दोन झाल्या, तीन झाल्या. शेवटी सगळा वर्ग रडत होता आणि एकटी शेवटची मुलगी उभी होती. तिनं वाचलं, डोळे पुसत पुसत पुढे आली आणि चिठ्ठी टेबलावर ठेवली.

टेबलानंतर आता चिठ्ठी द्यायला पुढचं कोणी नव्हतं, सुखदेवा. नियमाप्रमाणे आलेली चिठ्ठी वाचायची माझी पाळी होती. मी ती उचलली आणि वाचली.